शिधापत्रिकेपासून आयुष्मान कार्डापर्यंत : महाराष्ट्रातील आरोग्यहक्काच्या अर्जाचा इतिहास

शासनाच्या खर्चाने उपचार मिळण्याचा हक्क ज्या कागदावर किंवा कार्डावर नोंदलेला असतो, त्याला येथे आरोग्यहक्कपत्र असे म्हटले आहे. असे पत्र देणाऱ्या यंत्रणेला दर वेळी दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे मिळवावी लागतात. समोरची व्यक्ती स्वतःचे जे नाव सांगते तीच ती आहे का, हा ओळखीचा प्रश्न, आणि ती योजनेच्या अटींत बसते का, हा पात्रतेचा प्रश्न. महाराष्ट्रात गेल्या सत्तर वर्षांत या दोन प्रश्नांची उत्तरे कारखान्याच्या कचेरीत, तलाठ्याच्या दप्तरात, गावातल्या शाळेत मांडलेल्या लॅपटॉपवर, रुग्णालयातील आरोग्यमित्राच्या टेबलावर आणि अखेरीस दूरच्या सर्व्हरवर शोधली गेली. हा प्रवास बहुधा संगणकीकरणाची प्रगती म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात अर्जदाराचे कष्ट ज्या टप्प्यांवर खरोखर कमी झाले, त्या प्रत्येक टप्प्यावर योजनेच्या अटी सैल झालेल्या आढळतात, आणि जिथे अटी तशाच ठेवून केवळ अर्ज एका केंद्राकडे नेला गेला, तिथे अडचण संपली नाही, ती रुग्णाच्या नजरेआड झाली.

ज्या सेवेला अट नसते तिला कार्डही लागत नाही. मुंबईत १८४५ मध्ये सुरू झालेल्या सर जमशेटजी जीजीभॉय रुग्णालयाची उभारणीच गरिबांच्या उपचारासाठी झाली होती, आणि पुढे नगरपालिकांच्या दवाखान्यांत व जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयांत रुग्णाला जो केसपेपर मिळे, तो आजाराची नोंद ठेवणारा कागद होता. रुग्ण गरीब आहे की नाही हे तो सांगत नसे. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये सादर केलेल्या अहवालाचा पायाही हाच होता. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही योग्य उपचारांपासून वंचित राहू नये, हे त्या समितीचे पहिले तत्त्व होते, आणि तशी व्यवस्था देशभर उभी राहिली असती तर आरोग्यहक्कपत्रांचा इतिहास लिहिण्याची वेळच आली नसती. तशी व्यवस्था पुरेशी उभी राहिली नाही. शस्त्रक्रियांची व विशेष उपचारांची सोय मोठ्या शहरांतील मोजक्या शासकीय रुग्णालयांत आणि पुढे मुख्यतः खासगी रुग्णालयांत एकवटली, आणि मर्यादित पैशात कोणाला कोणता उपचार द्यायचा हे ठरवण्यासाठी याद्या, दाखले आणि कार्डे आली.

यातील पहिली मोठी व्यवस्था कामगारांसाठी होती. प्रा. बी. पी. अडारकर यांनी १९४४ मध्ये औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याविषयीचा अहवाल दिला, त्याच्या आधारे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा अधिनियम झाला, २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेचा आरंभ झाला आणि १९५४ मध्ये ती आजच्या महाराष्ट्रातील भागात आली. ज्याला आजही कामगार वस्तीत 'ईएसआयचे कार्ड' म्हणतात, त्याचा अर्ज कामगाराने सरकारी कचेरीत जाऊन करायचा नव्हता. मालकाने घोषणापत्र भरून घ्यायचे, त्यावर कामगाराचे व त्याच्या अवलंबितांचे तपशील नोंदवायचे आणि ते कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या स्थानिक कार्यालयाकडे पाठवायचे, त्यावरून विमा क्रमांक पडायचा आणि ओळखपत्र मिळायचे, असा क्रम होता. मुंबईत कामगाराला आपल्या वस्तीतील पॅनेलवरच्या डॉक्टरकडे नाव नोंदवून त्याच्याकडून औषधोपचार घेता येत असे. ओळखीचा प्रश्न हजेरीपुस्तकाने सोडवलेला होता आणि पात्रतेचा प्रश्न पगारातून कापलेल्या वर्गणीने, त्यामुळे गरिबीचा पुरावा मागण्याची वेळ तिथे येत नसे, आणि कामगारही हे कार्ड दान म्हणून नव्हे तर कमाईचा भाग म्हणून बाळगत असे.

या व्यवस्थेचा दोष तिच्या रचनेतच होता. हक्क नोकरीला बांधलेला असल्यामुळे नोकरी गेली, वर्गणी थांबली, की काही काळाने कार्ड निरुपयोगी ठरत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यातील अनेकांना पुढे कधीच कामावर परतता आले नाही, तेव्हा मजुरीबरोबर परळ-लालबागच्या चाळींतील कुटुंबांची वैद्यकीय सुरक्षितताही गेली. या घटनेची चर्चा वेतन, युनियन आणि गिरण्यांच्या जमिनी या अंगांनी पुष्कळ झाली आहे. विमा कार्ड निकामी होणे म्हणजे आजारपणाच्या वेळी घरात काय घडणे, याची नोंद मात्र फार थोड्या ठिकाणी सापडते, आणि ही उणीव अभ्यासकांनी भरून काढायला हवी. कामगार विम्याच्या नोंदींचे संगणकीकरण २००९ नंतर 'पंचदीप' या प्रकल्पातून झाले. बोटांचे ठसे असलेली 'पहचान' कार्डे, एक कामगारासाठी आणि एक कुटुंबासाठी, दिली गेली, आणि नंतर मालकाने संकेतस्थळावर नाव नोंदवताच क्रमांक पडून छापता येणारे साधे ओळखपत्र आले. वर्गणीची अट मात्र जशीच्या तशी राहिली.

कारखान्याबाहेरच्या बहुसंख्य जनतेसाठी हक्काचा पाया गरिबी हाच होता, आणि गरिबी सिद्ध करणे हे महसूल खात्याचे काम झाले. तलाठ्याने चौकशी करायची आणि तहसीलदाराने उत्पन्नाचा दाखला द्यायचा, ही पद्धत शैक्षणिक सवलतींपासून निराधारांच्या अनुदानापर्यंत सर्वत्र रुळलेली होती, तीच उपचाराच्या अर्जालाही लागू पडली. राज्याने १९९७ मध्ये दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी जीवनदायी योजना सुरू केली आणि हृदय, मूत्रपिंड, मेंदू यांच्या गंभीर आजारांवरील खर्चिक उपचारांना त्यातून साहाय्य देण्याचे ठरवले. हेतू उत्तम होता, परंतु रुग्णाच्या कुटुंबाने गरिबीचा पुरावा आणि वैद्यकीय कागद गोळा करून प्रकरण सादर करायचे व मंजुरीची वाट पाहायची, असे तिचे स्वरूप होते. अशा प्रकरणात कुटुंबाला गाव, तालुका, जिल्हा आणि शस्त्रक्रिया करणारे मोठे रुग्णालय असे चार मुक्काम करावे लागत, आणि ज्या आजारात एकेक दिवस मोलाचा असतो त्याच आजारासाठी ही व्यवस्था केलेली होती.

या काळातच दोन याद्या तयार झाल्या, ज्यांचा प्रभाव पुढची वीस वर्षे टिकला. पहिली यादी रेशनची. १ मे १९९९ पासून राज्यात तिरंगी शिधापत्रिका आल्या. वार्षिक उत्पन्न १५ हजार रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांना पिवळी, त्याहून अधिक पण एक लाखापर्यंत उत्पन्न असलेल्यांना केशरी आणि त्यापुढच्यांना शुभ्र, अशी विभागणी झाली. धान्याचा दर ठरवण्यासाठी केलेली ही रंगांची योजना थोड्याच काळात कुटुंबाच्या आर्थिक स्थितीचा सर्वमान्य पुरावा बनली, आणि रुग्णालयाच्या खिडकीवर 'रेशनकार्ड कोणते?' हा पहिला प्रश्न झाला. दुसरी यादी दारिद्र्यरेषेची. २००२ च्या ग्रामीण सर्वेक्षणात जमीन, घर, कपडे, अन्न, शौचालय, कर्ज, स्थलांतर अशा १३ निकषांवर प्रत्येकी शून्य ते चार गुण देऊन कुटुंबाची बेरीज काढली गेली आणि कमाल ५२ गुणांच्या या पट्टीवर एका मर्यादेखालची कुटुंबे बीपीएल म्हणजे दारिद्र्यरेषेखालील ठरली. सर्वेक्षणाच्या दिवसांत घर बंद असेल, कुटुंब ऊसतोडीला गेले असेल, किंवा गावातल्या वजनदार मंडळींशी पटत नसेल, तर यादीत नाव न येण्याची शक्यता मोठी होती, आणि 'यादीत नाव नाही' हे वाक्य त्यानंतर वर्षानुवर्षे ग्रामपंचायतीपासून जिल्हा रुग्णालयापर्यंत ऐकू येत राहिले.

केंद्राने १ एप्रिल २००८ पासून राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना लागू केली आणि अर्ज या कल्पनेलाच वेगळे वळण दिले. ही योजना तेव्हा आरोग्य खात्याऐवजी श्रम मंत्रालयाकडे होती, तिच्या रचनेत अनिल स्वरूप या सनदी अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता, आणि तिच्या केंद्रस्थानी चिप बसवलेले स्मार्ट कार्ड होते. बीपीएल यादीतील कुटुंबाने कुठेही अर्ज करायचा नव्हता. विमा कंपनीने नेमलेले पथक लॅपटॉप, बोटांचे ठसे घेणारे यंत्र आणि कार्ड छापणारा प्रिंटर घेऊन गावात येई, ३० रुपये नोंदणी शुल्क घेई, कुटुंबातील पाच जणांपर्यंतचे ठसे व छायाचित्र घेई आणि कार्ड तिथल्या तिथे हातात देई. कार्डाचा गैरवापर होऊ नये म्हणून शासनाच्या एका स्थानिक कर्मचाऱ्याने स्वतःचा ठसा देऊन प्रत्येक कार्ड प्रमाणित केल्याशिवाय ते चालू होत नसे. कुटुंबाला वर्षाला ३० हजार रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण होते आणि रुग्णालयात जाण्यासाठी प्रत्येक वेळी १०० रुपये प्रवासखर्चही मिळे.

या कार्डाची तांत्रिक रचना आज विसरली गेली आहे, म्हणून ती थोडी सविस्तर सांगणे आवश्यक आहे. कुटुंबाची ओळख, ठसे आणि शिल्लक रक्कम हे सर्व कार्डाच्या चिपमध्येच साठवलेले असे. रुग्णालयातील यंत्रात कार्ड घातले, रुग्णाचा ठसा जुळला, की इंटरनेट बंद असले तरी उपचाराची रक्कम कार्डावरून वजा होई आणि तो तपशील नंतर वर पाठवला जाई. म्हणजे नोंद रुग्णाच्या खिशात होती आणि कार्यालयात तिची प्रत होती. शिवाय हे कार्ड देशात कुठल्याही संलग्न रुग्णालयात चालत असे आणि स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाला ते दोन भागांत विभागून घेता येई, जेणेकरून कामासाठी बाहेर पडलेल्यांकडे एक आणि गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांकडे एक राहील. ज्या राज्यातल्या बीड, अहिल्यानगर (तेव्हाचे अहमदनगर) यांसारख्या जिल्ह्यांतून दर हंगामात लाखो ऊसतोड कामगार बाहेर पडतात, त्या राज्यासाठी ही सोय किती मोलाची होती हे वेगळे सांगायला नको. परंतु नोंदणी एका वर्षाच्या विम्यासाठी होती आणि दरवर्षी नव्याने करावी लागे, यादी जुनीच होती, आणि कंपनीला हप्ता नोंदलेल्या कुटुंबामागे मिळत असल्याने कार्डे वाटण्यात जेवढा उत्साह होता तेवढा ती वापरली जावीत यासाठी असण्याचे कारण नव्हते. ३० हजारांत हृदयाची किंवा कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया होणेही शक्य नव्हते. महाराष्ट्रात राज्याची स्वतःची योजना आल्यावर हे कार्ड मागे पडले, आणि त्याबरोबर नोंद रुग्णाजवळ ठेवण्याची कल्पनाही मागे पडली, हे मोठेच नुकसान मानले पाहिजे.

राज्याच्या योजनेला आंध्र प्रदेशात २००७ मध्ये सुरू झालेल्या आरोग्यश्री योजनेचा आदर्श होता. २ जुलै २०१२ रोजी गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती सर्व जिल्ह्यांत लागू झाली. कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाखांपर्यंत खर्च मिळणार होता, आणि उपचार अंगीकृत म्हणजे योजनेने मान्यता दिलेल्या शासकीय व खासगी रुग्णालयांत होणार होते. योजनेसाठी स्वतंत्र आरोग्यकार्डही काढण्याचे ठरले होते, परंतु ते मिळेपर्यंत पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका आणि छायाचित्र असलेले ओळखपत्र पुरेसे मानले गेले. ही तात्पुरती सवलतच योजनेची खरी ताकद ठरली. विम्याचा हप्ता सर्व पात्र कुटुंबांसाठी राज्य शासन भरणार असल्यामुळे आधी नोंदणी करण्याची गरज उरली नाही, आणि आजारी पडण्यापूर्वी अर्ज करून ठेवण्याचे जे ओझे आजवरच्या बहुतेक योजनांनी गरिबांवर टाकले होते ते प्रथमच उतरले.

अर्ज आता रुग्णालयाच्या आत होऊ लागला. प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा कर्मचारी बसू लागला. त्याने रुग्णाची शिधापत्रिका व ओळखपत्र पाहून संगणकावर नोंद करायची, डॉक्टरांनी तपासण्या करून उपचार ठरवायचा, रुग्णालयाने कागद व छायाचित्रे ऑनलाइन पाठवून पूर्वपरवानगी मागायची, आणि तातडीच्या प्रसंगी दूरध्वनीवरून मान्यता घेऊन उपचार सुरू करायचे, अशी कार्यपद्धती ठरली. योजना राबवणाऱ्या ज्या सोसायटीकडे हे सर्व अर्ज येत, तिचे कार्यालय वरळी नाक्याजवळ राज्य कामगार विमा रुग्णालयाच्या आवारात थाटले गेले. कामगारांच्या विम्याच्या जुन्या वास्तूशेजारी गरिबांच्या विम्याची नवी कचेरी आली. निर्णय मुंबईत एकवटला होता हे खरे, पण रुग्णाच्या बाजूने बोलणारा, त्याची भाषा समजणारा आणि चुकीचा कागद आणला तर कोणता आणायचा हे सांगणारा माणूस रुग्णाच्या समोर होता. केंद्रीकरणाच्या या साऱ्या इतिहासात आरोग्यमित्र ही नेमणूक सर्वांत शहाणपणाची मानावी लागेल, आणि म्हणूनच ती कंत्राटी पद्धतीने व अल्प मानधनावर केली गेली ही गोष्ट अधिक खटकते.

पुढे अमरावती विभागातील व मराठवाड्यातील सर्व जिल्हे आणि वर्धा अशा १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकरी कुटुंबांनाही योजनेत घेण्यात आले. त्यांच्यासाठी पात्रतेचा पुरावा सातबारा उतारा हा होता. जमीन महसुलासाठी शतकभराहून अधिक काळ लिहिला जाणारा कागद अशा रीतीने शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचला. त्यात एक अन्यायही दडलेला होता, कारण ज्या स्त्रिया शेतात राबतात पण ज्यांचे नाव उताऱ्यावर नाही, त्यांचा हक्क पतीच्या किंवा सासऱ्याच्या नावावर अवलंबून राहिला, आणि कुळाने किंवा बटईने जमीन कसणारा तर उताऱ्याबाहेरच राहिला. २०१७ मध्ये योजनेचे नाव महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना झाले.

आधार क्रमांकाचे वाटप देशात सर्वप्रथम २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात झाले. ओळखीचा प्रश्न एका राष्ट्रीय नोंदीवर सोपवण्याची ती सुरुवात होती, आणि तिचा आरोग्यहक्कपत्रांवरील परिणाम आठ वर्षांनी पूर्णपणे दिसला. २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथे प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचा आरंभ झाला, जिला लोक 'आयुष्मान भारत' म्हणून ओळखतात. कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण आणि देशातील १० कोटी ७४ लाख कुटुंबे असा तिचा आवाका होता, आणि ही कुटुंबे २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेतून निवडलेली होती. महाराष्ट्रातील सुमारे ८४ लाख कुटुंबे त्यात आली. तत्त्वतः या योजनेतही नोंदणी नव्हती. यादीत नाव आहे तो लाभार्थी, एवढेच. व्यवहारात मात्र यादीतील नाव आणि आधारवरील नाव जुळवून देणारी लाभार्थी ओळख प्रणाली उभी राहिली. सामाईक सुविधा केंद्रात किंवा रुग्णालयात बसलेला चालक यादीत नाव शोधतो, आधारची पडताळणी करतो, दोन्ही नावे किती जुळतात याचे गुणांकन संगणक करतो, आणि मान्यता मिळाली की कार्ड छापले जाते. महाराष्ट्रात या कार्डाला बराच काळ 'गोल्डन कार्ड' म्हटले जाई. सुविधा केंद्रात त्यासाठी घेतले जाणारे शुल्क २०२१ मध्ये रद्द झाले.

स्मार्ट कार्डाच्या तुलनेत हे कार्ड अगदी वेगळे होते. त्यावर क्रमांक व क्यूआर कोड छापलेला असतो, पण हक्काची नोंद सर्व्हरवर राहते. कार्ड हरवले तर दुसरे छापता येते, ते देशभर कुठेही तपासता येते, कंपनी बदलली म्हणून कार्ड बदलावे लागत नाही, हे फायदे मोठे आहेत आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु नाव जुळले नाही तर चूक कोणाची आणि ती कुठे दुरुस्त करायची, हे रुग्णाला समजणे पूर्वीपेक्षा अवघड झाले. मराठी घरांत लग्नानंतर स्त्रीचे मधले नाव व आडनाव बदलते, काही ठिकाणी पहिले नावही बदलते. शिधापत्रिकेवर सासरचे, शाळेच्या दाखल्यावर माहेरचे आणि आधारवर तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेले नाव असते. भिमाबाई की भीमाबाई, हा फरक तलाठ्याच्या दृष्टीने फरकच नव्हता, कारण तो बाईला ओळखत होता. संगणकाच्या जुळणीत तोच फरक गुण कमी करतो. शिवाय ज्या यादीवर सारे उभे होते ती २०११ ची होती. त्यानंतर विभक्त झालेली कुटुंबे, लग्न होऊन आलेल्या सुना आणि जन्मलेली मुले यांना जोडून घेण्याची सोय होती, पण यादीबाहेर राहिलेल्या संपूर्ण कुटुंबाला आत येण्याचा मार्ग नव्हता.

नोंद केंद्राकडे असली म्हणजे ती आपोआप शुद्ध असते, ही समजूतही टिकली नाही. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत ठेवलेल्या अहवालात असे आढळले की सुमारे साडेसात लाख लाभार्थ्यांच्या नावापुढे एकच मोबाइल क्रमांक, दहा वेळा नऊ, नोंदवलेला होता. लाभाची पात्रता मोबाइल क्रमांकावर ठरत नाही आणि सुरुवातीला तो देणे सक्तीचे नव्हते, असा खुलासा शासनाने केला, आणि तो तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता. तरीही या नोंदीतून एक गोष्ट स्पष्ट होते: घाईने भरून घेतलेल्या कोट्यवधी अर्जांत रिकामा रकाना पुढे जाऊ देत नाही म्हणून काहीतरी भरले गेले, आणि ज्याच्या नावाने ते भरले गेले त्याच्याशी संपर्क साधण्याचा मार्गच बंद झाला.

केंद्रीकरणाचा असा अनुभव केवळ भारताचा नाही. आयर्लंडमध्ये १८५१ च्या कायद्यानुसार गरिबाला सार्वजनिक दवाखान्यात जाण्यासाठी स्थानिक प्रतिष्ठितांकडून तिकीट मिळवावे लागे. १९७० च्या आरोग्य कायद्यानंतर त्या अपमानकारक पद्धतीची जागा वैद्यकीय कार्डाने घेतली आणि अर्ज स्थानिक आरोग्य कार्यालयांत होऊ लागले. २०११ मध्ये हे सर्व अर्ज डब्लिनमधील एकाच कार्यालयाकडे नेण्यात आले. सर्वांना एकच नियम लागू व्हावा हा त्यामागचा हेतू होता, परंतु उत्पन्नाच्या मर्यादेपेक्षा थोडे वर असूनही गंभीर आजारामुळे स्थानिक अधिकाऱ्याने विवेकाने दिलेली कार्डे फेरतपासणीत जाऊ लागली, आजारी मुलांच्या पालकांनी आवाज उठवला, आणि २०१४ मध्ये शासनाला ही फेरतपासणी थांबवावी लागली. स्थानिक अधिकाऱ्याची लहर आणि स्थानिक अधिकाऱ्याचा विवेक या दोन्ही गोष्टी एकाच खुर्चीत बसत असल्या, तर खुर्ची हलवताना दोन्ही जातात, हे तिथे प्रकर्षाने दिसले.

महाराष्ट्रात १ एप्रिल २०२० पासून राज्याची व केंद्राची योजना एकत्र राबवली जाऊ लागली. दीड लाखांपर्यंतचा भार विमा कंपनीवर आणि त्यापुढे पाच लाखांपर्यंतचा भार हमी तत्त्वावर, म्हणजे शासनाने थेट देण्याच्या पद्धतीने, अशी वाटणी झाली. त्याच वेळी करोनाची साथ आली, आणि मे २०२० मध्ये राज्याने शुभ्र शिधापत्रिकाधारकांसह सर्व रहिवाशांना योजनेचा लाभ देण्याचा निर्णय घेतला. साथीच्या काळात अनेक रुग्णालयांनी पैसे घेतल्याच्या तक्रारी झाल्या आणि लाभ सर्वांपर्यंत पोहोचला असे म्हणता येणार नाही, पण पात्रतेचा प्रश्नच बाजूला ठेवता येतो हे एकदा सिद्ध झाले. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने हे धोरण कायम केले: राज्यातील सर्व कुटुंबांना पाच लाखांपर्यंत संरक्षण, उपचारांची संख्या १,३५६ आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा साडेचार लाख. १ जुलै २०२४ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. कोणत्याही रंगाची शिधापत्रिका चालते, आणि ती नसेल तर अधिवास प्रमाणपत्र चालते. पंचवीस वर्षे ज्या रंगाने माणसाची रुग्णालयातील पत ठरवली तो रंग या एका निर्णयाने गौण झाला. अर्ज सुलभ करण्याच्या दृष्टीने कोणत्याही सॉफ्टवेअरने केलेल्या कामापेक्षा हे काम मोठे आहे.

रहिवास हीच अट उरली तेव्हा राज्याच्या सीमेवर वेगळा प्रश्न उभा राहिला. कर्नाटकातील ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे, तेथील नागरिकांनाही ही योजना लागू करण्याचा निर्णय राज्याने २०२३ मध्ये घेतला आणि कर्नाटक शासनाने त्याला तीव्र हरकत घेतली. बेळगाव परिसरातील मराठी कुटुंबाच्या हातातील आरोग्याचा कागद असा सीमावादाचाही कागद झाला.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील वयाच्या सर्व नागरिकांना उत्पन्नाची अट न ठेवता 'आयुष्मान वय वंदना' कार्ड मिळू लागले आणि त्यासाठी आधार एवढेच कागदपत्र लागते. मोबाइलवरील ॲपमधून चेहरा किंवा ओटीपीच्या साहाय्याने घरबसल्या कार्ड काढण्याची सोयही झाली आहे. याच्या जोडीला 'आभा' (आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट) नावाचा १४ अंकी आरोग्य खाते क्रमांक आहे, जो वैद्यकीय नोंदी एकत्र ठेवण्यासाठी असून त्याने मोफत उपचाराचा कोणताही हक्क मिळत नाही. दोन्ही कार्डे एकाच सेवा केंद्रात, जवळपास सारख्या नावांनी मिळत असल्यामुळे आभा कार्ड घेऊन रुग्णालयात गेलेला माणूस परत पाठवला जाणे सहज शक्य आहे, आणि हा गोंधळ शासनाने नावे ठरवतानाच टाळायला हवा होता. दुसरीकडे इतरांना आयुष्मान कार्ड काढण्यासाठी शिधापत्रिकेचा बारा अंकी ऑनलाइन क्रमांक लागतो, म्हणजे रंग गेला तरी शिधापत्रिका राहिलीच, आणि ज्याची शिधापत्रिका ऑनलाइन झालेली नाही त्याचा रस्ता पुन्हा तहसीलच्या पुरवठा शाखेकडे जातो.

तहसीलदाराने दाखला नाकारला तर अर्जदार त्याच्या टेबलासमोर उभा राहून वाद घालू शकत असे, आणि महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नंतर अधिसूचित सेवांच्या बाबतीत त्याला नकाराचे लेखी कारण मागण्याचा व दोन पायऱ्यांवर अपील करून आयोगापर्यंत जाण्याचा अधिकार कायद्यानेच मिळाला. संगणकाच्या जुळणीत नाव बसले नाही म्हणून थांबलेल्या रुग्णाजवळ बहुधा १४५५५ हा मदत क्रमांक आणि पडद्यावरचा इंग्रजी संदेश एवढेच असते. नाव का जुळले नाही याचे कारण मराठीत लिहून देणे, ते दुरुस्त करण्याचा अधिकार तालुक्यातील एका नेमलेल्या अधिकाऱ्याला देणे आणि दुरुस्ती होईपर्यंत आरोग्यमित्राच्या शिफारशीवर उपचार सुरू ठेवणे, या तीन गोष्टी शासनाने कराव्यात. त्यांसाठी नवे कार्ड लागणार नाही आणि नवी यादीही लागणार नाही.